ऊसतोड स्त्रियांवरील संशोधन: नावे झाकावीत की छापावीत, आणि निष्कर्ष त्यांच्यापर्यंत कसे न्यावेत?

प्रश्न: धारूरकर

मी समाजशास्त्रात पीएच.डी. करत आहे. बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांचे श्रम हा माझा विषय आहे. मुलाखतीतील प्रत्येक नाव आणि गाव बदलावे, असा विद्यापीठाच्या नैतिकता समितीचा दंडक आहे. मात्र मुलाखत संपताना अनेक जणी विचारतात, "ताई, पुस्तकात माझं नाव येईल ना?" नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजला जातो, उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) नवऱ्याच्या नावावर लिहिली जाते आणि मुकादमाच्या, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीत बाईचे नाव बहुधा नसतेच. ते नाव मीही खोडावे हे मनाला पटत नाही. शिवाय प्रबंध इंग्रजीत होणार. तो या स्त्रियांच्या काय कामाचा, हा प्रश्न मला सतत सतावतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: मुळशीचा वाचक

आपल्याकडे या प्रश्नाला एक मोठे उदाहरण उपलब्ध आहे. हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि ओवीसोबत ती गाणाऱ्या बाईचे नाव व गाव नोंदवले. म्हणूनच २०१७ पासून 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या प्रसिद्ध होऊ लागल्या तेव्हा कार्यकर्ते पुन्हा त्या गावांत जाऊन गायिकांना किंवा त्यांच्या लेकीसुनांना भेटू शकले. नावे झाकली असती तर हे सारे धन 'अज्ञात लोकपरंपरा' म्हणून उरले असते आणि श्रेय केवळ संग्राहकांच्या पदरी पडले असते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथातही आंबेडकरी चळवळीतील स्त्रिया स्वतःच्या नावानिशी बोलतात. त्या ग्रंथाचे बळ तिथेच आहे.

उत्तर: फडावरची कार्यकर्ती

वरील उदाहरणे मोलाची आहेत, पण ओवी गाणे आणि मुकादमाविरुद्ध बोलणे यांत फार अंतर आहे. उचल फिटलेली नसताना एखादीने मारहाणीबद्दल किंवा कापलेल्या मजुरीबद्दल सांगितले आणि ते नावानिशी छापून आले, तर पुढच्या हंगामात त्या जोडप्याला टोळीत घेतले जाणार नाही, आणि घरात जे सोसावे लागेल ते वेगळेच. २०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ती चौकशी आवश्यकच होती, परंतु स्वतःच्या शरीराची अशी माहिती उघड करायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्या-त्या बाईचाच असला पाहिजे.

माझ्या मते संमती एकदाच अंगठा घेऊन संपवू नये. फडावर म्हणजे तोडणीच्या शेतात, खोपीत, नवरा किंवा मुकादमाचा माणूस शेजारी बसलेला असताना मिळालेला होकार मी होकार मानत नाही. हंगाम संपवून बाया गावी परतल्या की त्यांच्याकडे एकेकीला गाठून तिची मुलाखत तिच्यासमोर मोठ्याने वाचावी आणि कोणता भाग नावाने द्यायचा, कोणता नावाशिवाय, कोणता गाळायचा, हे तिला विचारावे. पहाटे अंधारात फडात उतरणे, मोळ्या बांधणे, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे, हे कसब ती अभिमानाने नावासह सांगेल. मजुरी, मारहाण आणि दवाखान्याविषयीचे कथन मात्र वेगळ्या प्रकरणात, गाव आणि टोळी ओळखू येणार नाही असे मांडावे. निव्वळ नाव बदलून भागत नाही. छोट्या वाडीत दोन तपशिलांवरून माणूस ओळखला जातो.

उत्तर: कासेगावचा विद्यार्थी

निष्कर्ष परत नेण्याबाबत लिहितो. अमेरिकेत जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांनी ब्राह्मणेतर चळवळीवर तिथल्या बर्कली विद्यापीठात प्रबंध लिहिला, पण पुढे त्या सांगली जिल्ह्यातील कासेगावात स्थायिक झाल्या आणि भारत पाटणकरांसह चळवळीत राहून संशोधन करत राहिल्या. इतकी बांधिलकी प्रत्येकाला शक्य नाही, हे मान्य. तरी प्रबंध पूर्ण झाल्यावर मराठी सारांश वाटणे ही फार उशिराची पायरी ठरते. आताच, प्रकरणे लिहिण्यापूर्वी, त्या स्त्रियांच्या बैठकीत कच्चे निष्कर्ष मांडा आणि काय चुकले ते त्यांना सांगू द्या. अनेकींना वाचता येत नसल्यामुळे पुस्तिकेपेक्षा व्हॉट्सॲपवर पाठवलेले पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण अधिक पोहोचेल. कोयत्याच्या हिशेबात बाईचे काम किती तासांचे भरते, हे तुमच्या नोंदींतून निघत असेल तर तो तक्ता ऊसतोड कामगारांच्या संघटनांना द्या. दरवाढीच्या वाटाघाटीत त्याचा थेट उपयोग होऊ शकतो.

धारूरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नावासह द्यायच्या आणि नावाशिवाय द्यायच्या भागांसाठी स्वतंत्र संमती घेण्याचा प्रस्ताव मी समितीपुढे ठेवणार आहे. असे मराठी संमतीपत्र, वाचून दाखवता येईल इतक्या सोप्या भाषेत, कोणी तयार केले असल्यास कृपया येथे द्यावे.