मदत हवी आहे : एच. पायलोरी आणि घशाचा कर्करोग, खरंच संबंध आहे का?

मंडळी, नमस्कार. आम्ही इंदूरचे, रामबागेतले. बाबांचा आवाज महिन्याभराहून जास्त घोगरा आहे, सारखे खाकरतात. पोह्यांवरची शेव गिळताना टोचते म्हणून नुसतेच पोहे खातात. इंदुरी माणसाने शेव सोडली म्हणजे काय ते समजा!

ॲसिडिटीसाठी दुर्बिणीतून पोट तपासलं, तर एच. पायलोरी हा जिवाणू निघाला. आत्याने कुठेतरी वाचलं की त्याने घशाचाही कर्करोग होतो. झालं, घरात सगळे हवालदिल. मी वाचलं त्याप्रमाणे १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला जठराच्या कर्करोगाचं कारण ठरवलं. स्वरयंत्राच्या कर्करोगाशी काही अभ्यासांत संबंध दिसतो, काहींत नाही. तंबाखू आणि दारूबद्दल मात्र शंकाच नाही, आणि बाबांची चुन्याची डबी अजून खिशातच असते. (त्यावर बोललं की जेवण सोडतात.)

आता १४ दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स सुरू आहे. घशाची दुर्बीण तपासणी कोर्स संपेपर्यंत लांबवू नये असं मला वाटतं, पण बाबा 'आधी गोळ्या संपू दे' म्हणतात. कुणाच्या घरी असं झालंय का? इंदुरात कान-नाक-घशाचे चांगले डॉक्टर सुचवा, मराठीत समजावणारे असले तर फारच बरं. जिवाणू गेला का ते बघायला कोर्सनंतर किमान ४ आठवड्यांनी श्वासाची चाचणी करायची आहे, ती इथे कुठे होते? त्याआधी २ आठवडे ॲसिडिटीच्या काही गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, तेव्हा जळजळ कशी सांभाळलीत?