विषय: शनिवारचा पहिला वाढदिवस – वर्गणी जमली, वस्तू ठरेना

खजिनदार:
नमस्कार मंडळी,
छकुलीच्या वाढदिवसाची नऊ घरांची वर्गणी आली, 180 डॉलर. गुरुवारी रात्रीपर्यंत वस्तू ठरायला हवी. मागच्या वेळेसारखं नको. सहा जणांनी सहा बॅटरीवाली खेळणी नेली आणि दिवाळीच्या आत सगळी तळघरात गेली. टिकेल असं एकच काहीतरी सुचवा. तिच्या आईचं म्हणणं एवढंच, घरात जागा नाही.

अक्का:
माझ्या तळघरात वॉकर आहे. धाकट्यासाठी 2002 मध्ये घेतलेला, गोल, मध्ये कापडी बैठक, चारी बाजूंनी चाकं. अगदी नव्यासारखा आहे, पुसून देते. म्हणजे वर्गणी चांदीच्या वाटीला लावता येईल.

डॉक्टर:
अक्का, तो वॉकर कोणालाही देऊ नका. कॅनडात बैठकीच्या वॉकरवर एप्रिल 2004 पासून बंदी आहे. विकायची बंदी आहे, बाहेरून आणायची आहे आणि जाहिरात करायचीही. वस्तू फुकट दिली तरी आपल्या कायद्यात ते विकण्यातच धरतात. कारण साधं आहे. त्यात बसलेलं मूल सेकंदाला तीन फुटांहून जास्त अंतर कापतं, आणि आपल्या टाउनहाऊसमध्ये जिना दहा पावलांवर असतो. आईचा हात पोचेपर्यंत मूल खाली गेलेलं असतं. चालायला लवकर शिकतं हा समजही चुकीचा आहे, उलट उशीर होऊ शकतो. मोडून टाका, कचऱ्याजवळ अख्खा ठेवू नका, कोणीतरी उचलून नेईल.

अक्का:
माझी दोन्ही मुलं त्यातच वाढली, त्यांना काही झालं नाही. पण तुम्ही म्हणताय तर उद्याच चाकं काढते. चांदीच्या वाटीबद्दल कोणी बोललंच नाही.

नाना:
वॉकर कशाला, मी पांगुळगाडा करून देतो. गॅरेजमध्ये मेपलची फळी पडून आहे. चाकं, स्क्रू, तेल मिळून 60 डॉलरच्या वर जाणार नाही. माझा स्वतःचा गाडा सावंतवाडीच्या चितारआळीतून आणला होता. त्यावर आम्ही पाच भावंडं चाललो, मग चुलत भावंडं, आणि अजून तो माळ्यावर आहे. याहून टिकाऊ काय सांगू?

छकुलीची मावशी:
नाना, कल्पना छान आहे, पण हाही वॉकरच ना? बंदीत येत नाही का? आणि माझ्या मुलाला असा विकतचा गाडा होता, तो लाकडी जमिनीवर असा काही पळायचा की मूल मागे लोंबकळायचं. दोनदा ओठ फुटला.

डॉक्टर:
बंदी मूल आत बसतं त्या वॉकरवर आहे. पांगुळगाड्यात मूल बाहेर, स्वतःच्या पायांवर उभं राहून मागून ढकलतं, त्यामुळे तो चालतो. पण मूल आधाराशिवाय उठून उभं राहू लागलेलं हवं, आणि जिन्याला वर-खाली फाटक हवंच. छकुली अजून फर्निचर धरून चालते असं ऐकलं. तिला घाई नाही. काही मुलं नवव्या महिन्यात चालतात, काही पंधराव्यात.

नाना:
मावशीचा मुद्दा बरोबर आहे, गाडा पळतोच. त्याला दोन गोष्टी करायच्या. सायकलच्या जुन्या ट्यूबचं बोटभर रुंद कडं कापून प्रत्येक चाकावर ताणून बसवायचं, म्हणजे चाक जमीन धरून फिरतं. आणि पुढच्या पट्टीवर दोन किलो तांदळाची पिशवी घट्ट बांधायची. पोरीची चाल जमली की पिशवी अर्धी करायची, मग काढून टाकायची. आमच्याकडे पिशवीऐवजी पाटा ठेवायचे. दांडा तिच्या छातीच्या जरा खाली यायला हवा, म्हणून कोणीतरी आजच तिची उंची मोजून कळवा. रंग अजिबात लावणार नाही. कच्चं जवसाचं तेल वाळायला आठवडे लागतात, तेवढा वेळ नाही, म्हणून लाखेचे दोन हात देतो. मूल दांडा चावणारच.

अक्का:
नाना, गेली अकरा वर्षं वाढदिवसाच्या भेटी मी बघते आणि मखर तुम्ही बघता. मखराचा रंग मी कधी ठरवला नाही. निदान एक फोन करायचा होतात. गाड्याला माझा विरोध नाही, पण तिच्या आईचं "घरात जागा नाही" हे वाक्य तुम्ही वाचलंत का? गाडा सहा महिने वापरात, मग कुठे?

माईआजी:
चांदीच्या वाटीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून मी बोलते. माझ्या नातवाला आलेली वाटी पातळ पत्र्याची होती, दातांनी दुसऱ्याच वर्षी कड दुमडली. एवढ्या पैशांत आज चांदी पातळच येईल. स्टीलची जाड बुडाची वाटी द्या, तिच्यावर नाव घालून. आईने रुखवतात दिलेल्या वाटीवर ठोक्याठोक्यांनी कोरलेली टिंबांची अक्षरं आहेत, बोट फिरवलं की अजून लागतात. साठ वर्षं रोज घासली जाते. त्याच वाटीत माझी मुलं वरणभात जेवली आणि आता मी ताक पिते. सोळा गेजची, म्हणजे जाड पत्र्याची, कोरी वाटी माझ्याकडे आहे, ती माझ्याकडून. पैसे नकोत.

खजिनदार:
माई, मनापासून आभार. माझा हिशेब असा. गाड्याचे 60 गेले की 120 उरतात. ते मुलीच्या शिक्षण बचत खात्यात टाकायला आईबाबांना द्यावेत. सरकार त्या खात्यात वर्षाला भरलेल्या पहिल्या 2,500 डॉलरवर 20 टक्के घालतं, म्हणजे आपल्या 120 चे 144 होतील. खातं 35 वर्षं चालू ठेवता येतं. माझ्या लेकीला पहिल्या वाढदिवसाला कपडेच आले होते, तीन महिन्यांत आखूड झाले. तेच पैसे खात्यात गेले असते तर, असं आज मला वाटतं.

छकुलीची मावशी:
खातं त्यांनी उघडलंय. यंदाची 2,500 ची मर्यादा अजून भरली नाही, बहिणीला विचारून सांगते आहे. उंची 73 सेंटीमीटर, काल दवाखान्यात मोजली.

बालवाडी ताई:
माईंच्या वाटीवरून आठवलं. संक्रांतीच्या बोरन्हाणाला या वर्षी बोरं आणि हरभरे टाकायचे की नाही? मागच्या वर्षी एका बाळाने हलव्याचा दाणा नाकात घातला होता.

डॉक्टर:
बोरन्हाण वेगळ्या मेलवर बोलू, पण एक सांगून ठेवतो. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला कोणताही सुटा भाग 31.7 मिलिमीटर रुंदीच्या नळीत पूर्ण मावला तर ते खेळणं चालत नाही. नाना, गाड्याच्या चाकाच्या टोप्या तपासा. घरी करायचं तर टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या. ती थोडी मोठी असते, म्हणजे परीक्षा जास्तच कडक होते.

नाना:
टोप्या लावतच नाही. आत लाकडी खुंटी ठोकतो, सुटं काही राहत नाही. अक्का, फोन करायला हवा होता, चुकलं. जागेचं तुम्ही विचारलंत त्यावर मला सुचतंय ते असं, की छकुली चालायला लागली की गाडा मंडळाकडे परत यावा आणि पुढच्या बाळाला जावा. फळीच्या खालच्या बाजूला प्रत्येक मुलाचं नाव आणि साल मी कोरत जाईन. कोणाकडे आहे त्याची वही तुम्ही ठेवावी.

अक्का:
वही मी ठेवते. आणि गाड्यासोबत तांदळाच्या पिशवीला एक जाड खादीची खोळ शिवते, दोरी घालून, म्हणजे फाटून तांदूळ सांडायचे नाहीत. दोरी बाहेर लोंबणार नाही हे बघेन. माई, तुमच्या वाटीवर नाव घालायचं मशीन माझ्या वहिनीने पुण्याहून आणलंय. रविवारी ती परत जातेय, त्याआधी करून घेऊ. फक्त पाळण्यातलं नाव घालायचं की हाकेचं, आणि ऱ्हस्व-दीर्घ कसं, ते तिच्या बाबांना विचारून आज रात्री दहाच्या आत कळवा.