हनोखाच्या पहिल्या पुस्तकातील अध्याय 37 ते 71 चा काळ : मदत हवी आहे

हनोखाचं पहिलं पुस्तक हा पाच भागांचा प्राचीन यहुदी ग्रंथ. त्यातला ‘दृष्टांत’ हा भाग (अध्याय 37-71) येशूच्या आधीचा की नंतरचा, यावर टिपण लिहितो आहे आणि एका जागी अडलोय.

कुमरानच्या (मृत समुद्राजवळच्या गुहांतल्या) अरामी तुकड्यांत बाकी चारही भागांचे अंश आहेत, दृष्टांतांचा एकही नाही. ग्रीकमध्येही नाही. म्हणजे हाती फक्त गीझ या प्राचीन इथिओपियन भाषेतला पाठ, तोही उशिराच्या हस्तलिखितांतला. कुमरानमधल्या अभावावर मी फार भिस्त ठेवत नाही. जुन्या करारातलं एस्तेरचं पुस्तकही तिथे सापडलेलं नाही. हे तुकडे संपादित करणारे अभ्यासक मिलिक यांनी 1976 मध्ये सुचवलेला इ.स. 270 च्या आसपासचा काळ आज फारसा कोणी धरत नाही, म्हणून तोही बाजूला ठेवलाय.

आधीच्या काळाचे दोन पुरावे तपासले. 56:5 मधले पार्थियन आणि मेद, म्हणजे इ.स.पू. 40 ची पार्थियनांची यहूदियावरची स्वारी. आणि 67 व्या अध्यायातले राजांचे गरम झरे, म्हणजे हेरोद राजा उपचारासाठी गेला ते कल्लिर्होए. दोन्ही शक्य वाटतात, पण दोन्ही मजकुरातूनच काढलेले अंदाज.

नव्या करारातल्या यहूदाच्या पत्राचा (14-15) दाखला कृपया देऊ नका. ते अवतरण 1:9 चं, पहिल्या भागातलं. इथिओपियन चर्चचा शास्त्रसंग्रह किंवा आद्य ख्रिस्ती लेखक तेर्तुल्लियनने केलेली या पुस्तकाची पाठराखण, यांनीही या भागाचा काळ ठरत नाही. गीझ मला वाचता येत नाही, ग्रीक येतं.

उरतं ते मत्तय 19:28 आणि 25:31 मधलं मनुष्यपुत्राचं ‘गौरवाचं सिंहासन’, जे हनोख 62:5 शी जुळतं. इथे कोणी कोणाकडून घेतलं हे ठरवायला, काळ आधीच गृहीत न धरणारा एखादा निकष आहे का?