राणा एवढा लटकला, तरी ७३ मार्कच कसे?

राणाचा_मालक, कळंबा
राम राम मंडळी. राणा माझा अडीच वर्षांचा जर्मन शेफर्ड. परवा एका सराव ट्रायलला त्याची आयजीपी-१ ची, म्हणजे कामाच्या कुत्र्यांच्या परीक्षेच्या पहिल्या पायरीची, प्रोटेक्शन (राखणीची) फेरी झाली. हेल्पर (चोराचं सोंग घेणारा माणूस) पळाला आणि पठ्ठ्या त्याच्या स्लीव्हला, म्हणजे हातावरच्या जाड बाहीला, असा लटकला की बघ्यांनी शिट्ट्या मारल्या. आपल्याकडं खासबागेच्या कुस्ती मैदानात एवढ्यावर फेटा बांधतील! जजनी दिले ७३. त्याच्यामागनं एक बारकी मॅलिनोआ जातीची कुत्री आली, गप गुमान काम करून गेली, तिला ९१. जज इंग्रजीत बोलत होते, मला 'ग्रिप' आणि 'आउट' एवढंच कळलं. नेमकं बघतात काय हे लोक?

जुना_हँडलर, पाचगाव
भावा, १०० पैकी ७० ला पास असतंय, म्हणजे राणा पास झालाय. पेढे वाट आधी. ९० पासनं 'व्हेरी गुड', ९६ पासनं 'एक्सलंट'.

आता शिट्ट्यांचं. जजचं काम कुत्रं चावायच्या आधीच सुरू होतं. ब्लाइंडमध्ये, म्हणजे लपायच्या आडोशात, हेल्पर गप्प उभा असतो. कुत्र्यानं समोर उभं राहून सलग भुंकायचं, पण दात लावायचा नाही. अंगावर गेलं, स्लीव्हला टोचलं, मधेच भुंकणं थांबलं, की मार्क कापले. मग ग्रिप, म्हणजे चावून धरलेली पकड. लटकणं म्हणजे ग्रिप नव्हे. तोंड भरून, मागच्या दाढांपर्यंत, आणि एकदा धरलं की तसंच. चघळत जागा बदलणारं कुत्रं दबावात आलंय असं जज धरतो, मग ते कितीही गुरगुरो.

सगळ्यात महाग पडतं ते आउट, म्हणजे सोडायचा हुकूम. एका हुकमात सुटलं पाहिजे. नाही सुटलं तर जजच्या इशाऱ्यावर आणखी दोनदा सांगता येतं, दर वेळी मार्क जातात. तिसऱ्यालाही नाही सोडलं तर बाद. आणि सोडल्यावर? तिथंच हेल्परवर डोळा ठेवून थांबायचं. तुझ्याकडं बघत शेपूट हलवत आलं की गेलं. तू किती वेळा ओरडलास ते खरं सांग.

ऊसवाला_७
जज पण माणूसच. तेच कुत्रं, तोच हेल्पर, दुसऱ्या जजकडं चार-पाच मार्क इकडं-तिकडं होतात. पण ७३ आणि ९१ मधलं अंतर काही जजच्या मर्जीचं नाही, दादा. व्हिडिओ हेल्परच्या बाजूनं घेतलाय काय? मालकाच्या मागनं घेतला तर नुसती शेपूट दिसते.

राणाचा_मालक, कळंबा
मेव्हण्यानं बाजूनं घेतला होता, आत्ता हळू करून बघितला. ब्लाइंडमध्ये चार भुंकला आणि नाक थेट स्लीव्हला. पळणाऱ्याला धरलं ते पुढच्या दातांनी. दोन वेळा तोंड काढून परत घातलंय. शिट्ट्या तिथंच वाजल्यात! आउट तीनदा. तिसऱ्यांदा माझा आवाज चिरकलाय, ते ऐकून घरातले सगळे हसतायत.

जुना_हँडलर, पाचगाव
तिसऱ्याला सुटला म्हणून वाचलास. रविवारी सहाला ये ग्राउंडला. स्लीव्ह आणू नको, दोरीचा गोळा आण. आणि मेव्हण्यालाही आण, व्हिडिओ चांगला घेतो.