तन्मणीची कडी उघडते : जंप रिंग कोणती घ्यावी आणि पक्की कशी मिटवावी?

धागाकर्ती

नमस्कार. गेली दोन वर्षे मी घरी कृत्रिम मोत्यांचे तन्मणी, चिंचपेट्या आणि कानांतले डूल करते आणि ओळखीतल्या बायकांना विकते. मागच्या महिन्यात एका ताईंच्या तन्मणीचा एक सर भर लग्नात खोडापासून, म्हणजे मधल्या पदकापासून, सुटला. मोती ज्यात ओवले होते तो नायलॉनचा दोरा तुटलेला नव्हता, तर खोडाच्या बाजूच्या कडीतून (जंप रिंग, म्हणजे एका जागी कापलेली तारेची गोल कडी) तो निसटला होता. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, परंतु सणासुदीला विश्वासाने घातलेला दागिना आपल्या हातच्या कामामुळे सुटावा, याचे मला अजूनही वाईट वाटते.

मी पुण्यात रविवार पेठेतून सोनेरी पॉलिशच्या कड्यांची तयार पाकिटे आणते. पाकिटावर फक्त ‘६ मिमी’ असे लिहिलेले असते. कडी मी एका हाताच्या बोटांत धरते आणि दुसऱ्या हातातील पकडीने दाबून मिटवते. कडी कोणत्या मापाची आणि कोणत्या धातूची घ्यावी, आणि ती पुन्हा उघडणार नाही अशी कशी मिटवावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे.

पहिला प्रतिसाद

ताई, पाकिटावरचे ६ मिमी हे बहुधा कडीचे बाहेरून बाहेर मोजलेले माप असते, आणि त्यावरून कडीच्या बळकटपणाविषयी काहीच कळत नाही. कडी किती ताण सोसेल हे दोन गोष्टींवर ठरते : तारेची जाडी आणि आतल्या पोकळीचा व्यास. आतला व्यास तारेच्या जाडीने भागला की जो आकडा येतो तो साडेतीन ते साडेचारच्या आसपास असावा. तुमच्या कडीची तार ०.६ मिमी असेल, तर आतला व्यास ४.८ मिमी होतो आणि हा आकडा ८ येतो. अशी कडी नुसत्या बोटांनीही वाकते. तीच कडी ०.९ मिमी तारेची आणि बाहेरून ५ मिमी घेतली, तर आतला व्यास ३.२ मिमी आणि आकडा साधारण ३.६ येतो. तार दुप्पट जाड केली की तिला कायमचे वाकवण्यासाठी लागणारे बळ सुमारे आठपट होते, त्यामुळे जाडीतला मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरकही क्षुल्लक मानू नये.

दुकानात गेजचा आकडा, म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर, सांगू नका, मिलिमीटरच सांगा. आपल्याकडे ब्रिटिश गेज आणि अमेरिकी गेज दोन्ही चालतात. २० नंबरची तार ब्रिटिश मापाने ०.९१ मिमी असते आणि अमेरिकी मापाने ०.८१ मिमी, आणि १८ नंबरमध्ये तर हा फरक १.२२ आणि १.०२ इतका पडतो. दोनतीनशे रुपयांचा साधा व्हर्नियर कॅलिपर जवळ ठेवला, तर दुकानदाराशी वाद घालावा लागत नाही. खोडाचे भोक किंवा साखळीचा दुवा इतका बारीक असेल की जाड तार त्यातून जातच नाही, तर त्यातून जाईल अशा माफक जाडीच्या दोन कड्या शेजारी शेजारी घालाव्यात. दोन्ही फटी एकाच जागी येत नाहीत आणि भारही वाटला जातो.

दुसरा प्रतिसाद

मापाविषयी वर जे लिहिले आहे ते बरोबर आहे, पण माझ्या मते खरी चूक मिटवण्याच्या पद्धतीत आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

कडी नेहमी दोन पकडींनी उघडावी आणि दोन पकडींनीच मिटवावी. पकडींची तोंडे आतून गुळगुळीत असावीत. दाते असलेल्या पकडीचे वळ पॉलिशवर उठतात, आणि पॉलिश फाटले की आतला पितळेचा किंवा लोखंडाचा भाग घामाने काळा पडतो. कडीची फट वर, म्हणजे घड्याळातील बाराच्या जागी ठेवावी आणि फटीच्या दोन्ही बाजूंना, साधारण दहा आणि दोनच्या जागी, पकडीने घट्ट धरावे. मग एक टोक आपल्याकडे आणि दुसरे आपल्यापासून दूर असे आडवे फिरवावे. टोके डावीउजवीकडे ताणून कडी कधीही उघडू नये, कारण तसे केले की गोलाई बिघडते आणि नंतर कितीही दाबले तरी टोके एकमेकांसमोर नीट येत नाहीत. तुमच्या पद्धतीत हेच होत असावे. बोटांनी धरलेली बाजू नकळत सरकते, आणि पकडीच्या दाबाने कडी अंडाकृती होऊन टोके फक्त वरवर भेटल्यासारखी दिसतात.

मिटवताना टोके जुळली की तिथेच थांबू नये. प्रत्येक धातूला थोडी उसळी असते आणि पकड सोडताच टोके केसभर मागे जातात. म्हणून टोके एकमेकांच्या पलीकडे किंचित न्यावीत, मग परत आणावीत, आणि असे दोनतीन वेळा मागेपुढे करताना दोन्ही हातांनी आतल्या बाजूला हलका दाब ठेवावा. नीट जमले की टोके एकमेकांवर घासल्याची बारीक करकर हाताला जाणवते. ती जाणवेपर्यंत माझे समाधान होत नाही. या हालचालीने तार थोडी कडकही होते, पण दहाबारा वेळा वाकवत बसले तर ती ठिसूळ होऊन तुटते, म्हणून एकदा वापरून काढलेली कडी मी दुसऱ्या दागिन्यात घालत नाही.

तपासणी डोळ्यांनी करू नये. सांध्यावरून नख फिरवावे, ते अडकले तर काम अपुरे आहे. त्याहून चांगली परीक्षा म्हणजे शिवणाचा साधा दोरा कडीत घालून सांध्यावर खेचून पाहणे. दोरा फटीत शिरला, तर तुमचा नायलॉनही एक दिवस शिरणारच.

टोकांचे एक राहिले. कटरने चिमटून कापलेल्या स्वस्त कड्यांची टोके निमुळती असतात, त्यामुळे ती जुळली तरी बाहेरून खाच राहते. करवतीने कापलेल्या कड्यांची टोके सपाट असतात आणि सांधा जवळजवळ दिसेनासा होतो. बाजारात तशा मिळाल्या नाहीत, तर पितळेची तार विणकामाच्या सव्वातीन मिलिमीटरच्या सुईवर घट्ट गुंडाळून, सोनारी करवतीच्या बारीक पात्याने कापून घरीच करता येतात. सुईवरून काढल्यावर वेटोळे किंचित सैल होते, एवढे मापात धरावे.

तिसरा प्रतिसाद

मी चांदीचे काम करतो. वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, परंतु मूळ प्रश्नातील घटनेचे कारण मला थोडे वेगळे दिसते. कापलेली कडी साखळीच्या दुव्याला किंवा खोडाच्या भोकाला धरून ठेवते, कारण ते दुवे तिच्या तारेइतकेच किंवा तिच्याहून जाड असतात. दोऱ्याचे तसे नाही. पाव मिलिमीटरचा दोरा हालचालीत कडीभोवती सतत फिरत राहतो आणि कधीतरी सांध्यापाशी येतोच. म्हणून दोरा, रेशीम किंवा मोती ओवायची बारीक तार थेट कापलेल्या कडीला कधीही बांधू नये. सराचे टोक झाळून, म्हणजे सांध्यात धातू वितळवून, बंद केलेल्या कडीला बांधावे, आणि मिटवायची जाड कडी त्या बंद कडीला व खोडाला जोडावी. पटवेकरी, म्हणजे दागिने दोऱ्यात गुंफणारे कारागीर, दोऱ्याची गाठ अखंड कडीवरच घालतात, ते याचसाठी.

झाळण्याचे काम मोती ओवण्याआधी आणि खडे बसवण्याआधी उरकावे. टाकणखार लावून चांदीचा झाळ वितळवताना कडी लाल होईपर्यंत तापते, त्या उष्णतेने कृत्रिम मोत्याचा थर जातो आणि काचेचा खडा तडकतो. पॉलिश केलेली कडीही झाळू नये, तिचा रंग जळतो. घरी शेगडी किंवा टॉर्च नसेल, तर गावातील सोनाराकडून शंभरेक कड्या एकदम झाळून घेतल्या की वर्षभर पुरतात.

चौथा प्रतिसाद

मी सांध्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब टाकते. हा सोपा उपाय कोणी का सांगितला नाही?

दुसरा प्रतिसाद देणारी

कारण तो टिकत नाही. हा गोंद वाळल्यावर ठिसूळ होतो आणि कडी जरा वळली की तडकतो. शिवाय त्याच्या वाफेने आजूबाजूच्या पॉलिशवर आणि मोत्यांवर पांढरट साय धरते. सांधा नीट मिटला असेल तर गोंदाची गरज नाही, आणि मिटला नसेल तर गोंद तो दोष फक्त झाकून ठेवतो.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. कॅलिपरने मोजले, तार ०.६५ मिमी निघाली. घरात तयार असलेल्या अकरा तन्मणींची दोऱ्याने परीक्षा घेतली, त्यांतील सात नापास झाल्या. त्या सातही उसवून ठेवल्या आहेत आणि आधी विकलेल्या दागिन्यांसाठी त्या त्या ताईंना फोन करून कड्या विनामूल्य बदलून देणार आहे. खोडाला बाहेरून ५ मिमी, ०.९ मिमी तारेची कडी आणि सराला झाळलेली कडी, असे ठरवले आहे. एकच शंका उरली. मागच्या हुकाजवळची कडीही तितकीच जाड घ्यावी का?

तिसरा प्रतिसाद देणारा

मोठ्यांच्या दागिन्यात हुकाजवळची कडी झाळलेलीच घ्या, कारण रोज हाताळली जाणारी जागा तीच असते. लहान मुलींच्या गळ्यातल्या दागिन्यात मात्र मी मागची एक कडी मुद्दाम ०.६ मिमी तारेची, न झाळता, नुसती नीट मिटवून ठेवतो. खेळताना माळ कुठे अडकली तर ती कडी आधी उघडावी आणि गळ्याला फास बसू नये, हा त्यामागचा विचार आहे. त्या कडीला दोरा बांधू नका, दोन्ही बाजूंना बंद कड्याच ठेवा, म्हणजे ती उघडली तरी मोती विखुरणार नाहीत.