तिसरीच्या मुलांना पूर्वीचे रोजचे जीवन कसे शिकवावे?

प्रश्न : प्राथमिक शिक्षिका, कोल्हापूर शहर

नमस्कार. मी शहरातील एका प्राथमिक शाळेत तिसरीचा वर्ग घेते. पूर्वीची माणसे कशी राहत होती हा भाग शिकवताना असे जाणवते की मुलांच्या मनात भूतकाळाचे दोनच कप्पे आहेत : एक शिवाजी महाराजांचा आणि दुसरा मोबाईल नव्हता तेव्हाचा. आजी लहान असताना अफझलखान होता का, असे एका मुलीने अगदी गंभीरपणे विचारले आणि वर्गातील कोणालाही तो प्रश्न वावगा वाटला नाही. जाते, पाटा-वरवंटा, कंदील यांची चित्रे दाखवली की मुले नावे पाठ करतात, पण त्या वस्तूंभोवती माणसांचा दिवस कसा जात होता हे त्यांच्या डोळ्यांसमोर येत नाही. शिवाय वर्गातील बरीच मुले भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांच्या घरी जुनी वस्तू नसते आणि आजी-आजोबा दूर गावी असतात. फारसा खर्च न करता काय करता येईल?

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, शिवाजी पेठ

बाई, त्या मुलीचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण काळाचे अंतर कळल्याखेरीज जुन्या वस्तूंना काही अर्थच उरत नाही, हे त्यातून नेमके दिसते. म्हणून वस्तूंच्या आधी एक दोरी घ्यावी. एका वितीला दहा वर्षे धरून आजपासून मागे मोजत जावे. मुलाचा जन्म पहिल्याच वितीत येतो, आईवडिलांचा तीन-चार वितींवर आणि आजीचा सहा-सात वितींवर. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, ती गाठ साधारण अकराव्या वितीवर पडते. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ साली सुरू झाली, ती आणखी अडीच विती मागे. शिवाजी महाराजांचा १६७४ चा राज्याभिषेक मात्र पस्तीस वितींवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या हाताने सुमारे २६ फुटांवर जातो आणि दोरी वर्गाच्या दाराबाहेर न्यावी लागते. आजी आणि अफझलखान यांच्यात किती अंतर आहे, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर मापांकडे वळावे. बोहारणीकडे किंवा जुन्या घरांत पितळी, लोखंडी मापे अजून सापडतात आणि ती न मिळाल्यास डबे चालतात. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे फळ्यावर न लिहिता मुलांच्या हातांनी ज्वारी भरून करवून घ्यावे. माप शिगोशिग भरायचे की सपाट, यावर मुले आपोआप भांडू लागतात आणि दुकानदार व गिऱ्हाईक यांच्यातील रोजचा व्यवहार वर्गात उभा राहतो. पैशांचेही असेच करावे. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत, शंभर पैशांचा रुपया त्या दिवसापासून आला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला शाहू महाराजांच्या कायद्यात महिन्याला एक रुपया दंड होता. तो किती आण्यांचा आणि किती पैशांचा, हे मुलांनीच काढावे. गणिताचा तास त्यात खर्ची पडला तरी तो वाया गेला असे मी मानणार नाही.

उत्तर : पालक, राजारामपुरी

टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालय मुलांना अवश्य दाखवावे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली उत्खनन झाले आणि तेथे सातवाहन काळातील वस्तू मिळाल्या. समुद्रदेव पोसायडनची रोमन कांस्यमूर्ती त्यांतील सर्वांत प्रसिद्ध, पण लहान मुले मणी आणि मातीची भांडी यांपाशीच जास्त वेळ थांबतात, आणि थांबू द्यावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच गावात कोणीतरी मणी ओवत होते, एवढे त्यांना उमगले तरी पुरे. कणेरी मठावरील ग्रामजीवनाचे संग्रहालयही बलुतेदारांची कामे पाहण्यासाठी फार उपयोगी आहे.

उत्तर : माध्यमिक शिक्षक, इतिहास

वरील सूचना मला मान्य आहेत, परंतु एक गोष्ट आवर्जून मांडतो. कणेरीचे देखावे सुरेख आहेत, मात्र तेथून परतलेले मूल पूर्वी सगळेच गुण्यागोविंदाने राहत असे म्हणत असेल, तर आपले शिकवणे अपुरे आहे. एकाच गावात विहिरीचे पाणी कोणी भरायचे आणि कोणी दूर उभे राहून वाट पाहायची, हेही रोजच्या जीवनातच मोडते. आठ वर्षांच्या मुलांना हे कळणार नाही असे अनेक जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. अन्याय मुलांना फार लवकर कळतो, फक्त तो माणसाच्या गोष्टीतून यावा लागतो.

यासाठी कोल्हापूरला गंगाराम कांबळे यांची गोष्ट आहे. ते संस्थानच्या चाकरीत होते आणि पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. पुढे शाहू महाराजांच्या पाठबळाने त्यांनी चहाचे दुकान काढले. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा प्यायला लोक येईनात, तेव्हा स्वतः महाराज तेथे थांबून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. लोक का येत नव्हते आणि महाराज गेल्यावर काय बदलले, एवढे दोनच प्रश्न विचारून मुलांना बोलू द्यावे. सार्वजनिक पाणवठे आणि शाळा सर्वांना खुल्या करणारे महाराजांचे हुकूम १९१९ चे आहेत, ती गाठ दोरीवर १९१७ च्या अगदी शेजारी येईल.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

दोरी आणि चहाच्या दुकानाची गोष्ट या दोन्हींपासून सुरुवात करीन. ज्या मुलांचे आजी-आजोबा येथे नाहीत, त्यांच्याविषयी अजून काही सुचवावे, ही विनंती.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, शिवाजी पेठ

अशा मुलांना फोनवरून विचारू द्यावे. ज्या मुलाची आजी माण किंवा जतच्या दुष्काळी भागातील आहे, तिचे पाण्याचे दिवस पंचगंगेकाठच्या आजीपेक्षा अगदी निराळे असणार, आणि त्या मुलाने आणलेली माहिती वर्गाला अधिक शिकवील. ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी गल्लीतील एखाद्या वयस्क बाईंना वर्गात बोलवावे. गंगावेशीत दुभती म्हैस उभी करून समोर धार काढून देणारे गवळी पिढ्यान्‌पिढ्या व्यवसायात आहेत, त्यांच्याशी मुले सहज बोलू शकतात.

प्रश्न मात्र आधी ठरवून घ्यावेत. पूर्वी कसे होते असे विचारले की पूर्वी सगळे चांगले होते असे उत्तर येते आणि बोलणे तेथेच संपते. पहाटे घरात सर्वांत आधी कोण उठायचे, पाण्याच्या किती खेपा व्हायच्या, शाळेत पाठवले का, नसेल तर त्या वेळी काय काम करावे लागे, असे विचारले तर माणूस बोलता होतो. बायकांना हे प्रश्न अगत्याने विचारावेत, कारण दळण, कांडण, सरपण, पाणी हा सगळा दिवस त्यांच्याच अंगावर होता.

दिवाळीनंतर गुऱ्हाळे सुरू झाली की शहराजवळच्या एखाद्या गुऱ्हाळावर वर्ग न्यावा. मालकाशी आधी बोलून, उकळत्या काहिलीपासून मुलांना लांब बसवून, गुळव्याला रस उतरवण्याची वेळ कशी कळते हे त्यालाच विचारू द्यावे. पूर्वी चरक बैल ओढत, आता तेथे यंत्र आहे. कोणती कामे बदलली आणि कोणती अजून हातानेच होतात, याची नोंद मुलांनी तेथेच वहीत करावी.