मदत हवी आहे : शिकवलेला कामगार टिकवायचा कसा?

सर्व सभासदांना नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत आमचे छोटे मशीन शॉप असून तेथे बावीस कामगार आहेत. साध्या लेथवर वर्षानुवर्षे तेच काम करणाऱ्या मुलांचा उत्साह मावळत चालल्याचे पाहून, गेल्या वर्षी आम्ही चौघांना स्वखर्चाने सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या यंत्रांच्या, प्रोग्रॅमिंगच्या वर्गाला पाठवले. त्यांच्या कामात फरक पडला, ड्रॉइंग वाचून ते स्वतः प्रश्न विचारू लागले. परंतु सहा महिन्यांत दोघे पुण्याला गेले. त्यांना दोष देववत नाही, कारण नव्या कौशल्याला साजेसे पद किंवा पगारवाढ आम्ही दिलीच नव्हती. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचे बंधपत्र लिहून घेण्याचा सल्ला अनेकांनी दिला, तो मला पटत नाही.

शिक्षणाची प्रत्येक पायरी पगाराशी कोणी जोडली आहे का, आणि ते लहान कारखान्याला परवडते का? वर्ग पाळीच्या वेळेत घ्यावेत की नंतर? शिवाय आमच्याकडे मराठी आणि कन्नड बोलणारे कामगार एकत्र आहेत, इंग्रजी पुस्तिका दोघांनाही जड जातात. जुन्या कारागिरांनाच शिकवण्याचा मान व भत्ता द्यावा, असे मनात आहे. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.